शिळी कढी आणि दोन अब्ज डॉलर

मंडळी, आजच्या विषयावरचं भांडण जुनं आहे, आणि भांडणारेही आता चाळिशी-पन्नाशीला आलेत. १८ डिसेंबर २०१५ ला अमेरिकेत 'स्टार वॉर्स: द फोर्स अवेकन्स' लागला आणि थोड्याच दिवसांत चाहत्यांचे दोन तट पडले. एक तट म्हणाला, हा शिळ्या कढीला आणलेला ऊत आहे. १९७७ चा पहिला 'स्टार वॉर्स' घ्या, नावं बदला, झाला नवा सिनेमा. दुसरा तट म्हणाला, असेलही. पण बारा दिवसांत जगभरात एक अब्ज डॉलरचा गल्ला झालाय, तेव्हा लोकांनी कौल दिलाय, तुम्ही कशाला नाकं मुरडता? पहिला म्हणतो 'कथा', दुसरा म्हणतो 'कमाई'. दहा वर्षं झाली, दोघं एकमेकांना उत्तर देतायत आणि दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत.

पहिल्या तटाचं म्हणणं आधी पूर्ण मान्य करून टाकू, म्हणजे वेळ वाचेल. वाळवंटी ग्रहावर आईबापांविना वाढलेलं एक पोर. त्याच्या हाती एक यंत्रमानव लागतो आणि त्या यंत्रमानवाच्या पोटात बंडखोरांचं गुपित दडलेलं असतं. काळ्या पोशाखातला, मुखवटा घातलेला खलनायक त्या गुपिताच्या मागावर. दिसायला भंगार पण पळायला तेज असं 'मिलेनियम फाल्कन' यान. चित्रविचित्र जीवांनी भरलेला गुत्ता. ग्रहच्या ग्रह उडवणारं महाकाय शस्त्र. वडीलधाऱ्या माणसाचा नायक-नायिकेच्या डोळ्यांदेखत मृत्यू. आणि शेवटी छोट्या लढाऊ यानांचा ताफा त्या शस्त्राच्या नेमक्या दुबळ्या जागेवर मारा करतो आणि ते फोडतो. हे मी कुठल्या सिनेमाचं वर्णन केलं? दोन्हींचं. टॅटुईनच्या जागी जाकू, आर-टू डी-टूच्या जागी बीबी-एट, डेथ स्टार या महाकाय शस्त्राच्या आराखड्याच्या जागी जुन्या नायकाचा, ल्यूक स्कायवॉकरचा ठावठिकाणा सांगणारा नकाशा, खलनायक डार्थ वेडरच्या जागी त्याचा नातू कायलो रेन. ल्यूकचा गुरू ओबी-वान गेला तसा इथे फाल्कनचा चालक आणि कायलोचा बाप हान सोलो जातो. शस्त्राची ढाल बंद करायला जमिनीवर एक तुकडी उतरवायची ही युक्ती १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मधली, आणि अरुंद पुलावरची बापलेकाची गाठ थेट १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'ची आठवण करून देणारी. म्हणजे एकाच नव्हे, तिन्ही जुन्या सिनेमांतून उचल आहे.

गंमत अशी की सिनेमाला स्वतःला हे ठाऊक आहे. हल्ल्याआधीच्या बैठकीत जुन्या डेथ स्टारची आणि नव्या स्टारकिलर बेसची आकृती शेजारी शेजारी दाखवतात, नवं शस्त्र कितीतरी पटींनी मोठं दिसतं, आणि हान सोलोचा पवित्रा काय? बरं, मोठं आहे. फोडायचं कसं ते बोला, काही ना काही मार्ग असतोच. लेखकांनी स्वतःलाच मारलेली ही कोपरखळी आहे. चोर स्वतःच 'मी चोरी करतोय' म्हणाला की आपण हसतो खरं, पण त्यामुळे माल परत मिळत नाही.

आता दुसरी बाजू. ही पुनरावृत्ती सुरू कुणी केली? 'स्टार वॉर्स'चा जनक जॉर्ज लुकस यानेच. १९७७ ला डेथ स्टार फुटला आणि १९८३ ला दुसरा डेथ स्टार आला, तोही फुटला. १९९९ च्या 'द फँटम मेनेस'मध्ये एक लहान मुलगा लढाऊ यान घेऊन शत्रूच्या मोठ्या जहाजात शिरतो आणि आतून ते उडवतो. त्या सिनेमाच्या निर्मितीवरच्या माहितीपटात लुकस स्वतः सांगतो की हे कवितेसारखं आहे, कडव्यामागून कडवं यमक जुळत जातं. तेव्हा चाहते त्या वाक्यावर खूप हसले होते.

आणि १९७७ चा मूळ सिनेमा तरी कुठे आभाळातून पडला? लुकसला 'फ्लॅश गॉर्डन' करायचा होता, हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्याने स्वतःचं विश्व रचलं. सुरुवातीला पडद्यावर वर सरकत जाणारा तो मजकूर त्या जुन्या मालिकापटांचीच देणगी. अकिरा कुरोसावाच्या १९५८ च्या 'द हिडन फोर्ट्रेस'मध्ये शत्रूच्या मुलुखातून राजकन्येला सुखरूप न्यायचं असतं, आणि ती गोष्ट आपण सतत कुरकुरणाऱ्या, भांडणाऱ्या दोन फाटक्या शेतकऱ्यांच्या नजरेतून पाहतो. त्या शेतकऱ्यांचे इथे दोन यंत्रमानव झाले. शेवटच्या हवाई लढाईचं संकलन करताना, खरी दृश्यं तयार होईपर्यंत, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या झुंजींचे तुकडे जोडून ठेवले होते. १९५५ चा ब्रिटिश युद्धपट 'द डॅम बस्टर्स' पाहिलात तर तो हल्ला तुम्हाला भलताच ओळखीचा वाटेल. वर जोसेफ कॅम्पबेलचा १९४९ चा ग्रंथ, ज्यात जगभरच्या वीरकथांचा एकच सांगाडा मांडलाय. लुकसने त्याचं ऋण कधी लपवलं नाही.

तेव्हा 'जुनं वापरलं' हा आरोप 'स्टार वॉर्स'वर करणं म्हणजे कीर्तनकारावर 'ही गोष्ट आम्हाला माहीत होती' असा आरोप करणं. कथेचा सांगाडा जुना असणं हा दोष नव्हेच. लुकसने कुरोसावाकडून सांगाडा घेतला आणि त्यावर मांस वेगळं चढवलं. सोळाव्या शतकातला जपान गेला, तिथे अंतराळ आलं, यानं आली, जुनाट, ग्रीस लागलेलं, पोचे पडलेलं भविष्य आलं. आधीच्या विज्ञानपटांतलं भविष्य बहुतेक वेळा लख्ख असायचं. इथे धूळ होती. ती नवलाई होती.

मग २०१५ च्या सिनेमात खुपतं ते नेमकं काय? मला वाटतं, चाहत्यांना बोट ठेवता आलं नाही ते इथे. दिग्दर्शक जे. जे. अब्रॅम्सने सांगाडा उचलला त्याचं काही नाही, त्याने परिस्थिती उचलली. १९८३ च्या शेवटी काय झालं होतं? सम्राट मेला, साम्राज्य हरलं, वेडर मरता मरता परत माणूस झाला, ल्यूक 'फोर्स' या अद्भुत शक्तीच्या बळावर लढणारा शेवटचा जेडाय योद्धा म्हणून उभा राहिला, त्याची बहीण लेया आणि हान एकत्र आले. तीन सिनेमांचा हिशेब तिथे मिटला. कथेत त्यानंतर सुमारे तीस वर्षं गेली, आणि 'द फोर्स अवेकन्स' उघडतो तेव्हा साम्राज्य 'फर्स्ट ऑर्डर' या नावाने परत उभं आहे, बंडखोर 'रेझिस्टन्स' या नावाने परत मूठभर आहेत, लेया परत एका लपलेल्या तळावरून लढाई चालवतेय, हान परत तस्करी करतोय, आणि ल्यूक बेपत्ता. म्हणजे आधीच्या तिघांनी जे कमावलं ते तीस वर्षांत कुणीतरी गुपचूप काढून घेतलं, आणि ते काढून घेताना आपल्याला दाखवलंसुद्धा नाही.

याचा परिणाम पाहा. १९७७ मध्ये अल्डेरान हा ग्रह उडवतात तेव्हा तो लेयाचा ग्रह असतो, आणि तिला उभं करून, तिच्या डोळ्यांसमोर तो उडवतात. आपण अल्डेरानवर एक क्षणही गेलेलो नसतो, तरी धक्का बसतो, कारण तिचा चेहरा समोर असतो. २०१५ मध्ये स्टारकिलर बेस एका दणक्यात अख्खी ग्रहमालिका उडवतो, नव्या प्रजासत्ताकाचं सरकार तिथेच असतं, आणि थिएटरात कितीतरी लोक शेजाऱ्याला विचारत होते की हा कुठला ग्रह? पडद्यावर त्या विनाशात ज्याचं कुणी गेलंय असा एकही माणूस आपल्याला भेटत नाही. संहार अनेक पटींनी मोठा, वेदना अनेक पटींनी लहान. प्रजासत्ताक होतं कसं, त्याने या तीस वर्षांत केलं काय, फर्स्ट ऑर्डर त्याच्या नाकाखाली वाढली कशी, हे सगळं सिनेमाला अडचणीचं होतं. जुनी परिस्थिती परत हवी होती, म्हणून मधली तीस वर्षं आवळून टाकली.

पण इथेच थांबलो तर मी पहिल्या तटात जाऊन बसलो असं होईल, आणि मला तिथे बसायचं नाही. या सिनेमात नवीन गोष्टी आहेत, चांगल्या आहेत. फिन घ्या. पांढऱ्या चिलखतातले ते सैनिक चार दशकं फक्त धडाधड पडायला होते. त्यांच्यातला एक जण पहिल्याच लढाईत साथीदाराच्या रक्ताचा हात स्वतःच्या शिरस्त्राणावर उमटलेला पाहून हादरतो आणि पळून जातो. ही कल्पना आधीच्या सहाही सिनेमांत नव्हती. नायिका रे घ्या, तिला आणि फिनला ल्यूक, जेडाय, फोर्स या सगळ्या दंतकथा वाटतात, आणि त्या दंतकथांतला हान सोलोच समोर उभा राहून सांगतो की ते सगळं खरं होतं. थिएटरात बसलेली वीस वर्षांची मुलगी आणि तिचा पन्नाशीचा बाप यांच्यातलं नातं एका वाक्यात पडद्यावर आलं.

आणि कायलो रेन. हा माणूस आजोबांचं जळकं, वितळलेलं शिरस्त्राण समोर ठेवून त्याच्याशी बोलतो. त्याला मुखवट्याची गरज नाही. डार्थ वेडरला श्वास घ्यायला लागायचा, याला रुबाबासाठी लागतो. आजोबांसारखं भयंकर व्हायचंय आणि जमत नाही, म्हणून चिडून तलवारीने यंत्रं तोडत सुटतो. जुन्या 'स्टार वॉर्स'ने झपाटलेला, तेच परत घडवायला निघालेला, आणि तेवढा मोठा आपण नाही ही भीती पोटात घेऊन वावरणारा. हे या सिनेमाचंच चित्र नाही तर काय? अब्रॅम्सला आणि त्याचा सहलेखक लॉरेन्स कॅसडनला हे जाणूनबुजून करायचं होतं की हातून घडून गेलं, मी सांगू शकत नाही. पण माझ्या मते सबंध सिनेमातलं सगळ्यात मौलिक पात्र हेच आहे.

मग एवढी कल्पनाशक्ती असताना बाकीचं जुनंच का? कारण पैसे आधीच मोजून झाले होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये डिस्नेने लुकसफिल्म विकत घेत असल्याचं जाहीर केलं, किंमत सुमारे ४.०५ अब्ज डॉलर. लुकसने पुढच्या भागांसाठी कथेचे आराखडे दिले होते, ते वापरले गेले नाहीत. १९९९ ते २००५ मधल्या तीन सिनेमांनी जुने चाहते नाराज होते. करवाटाघाटी, संसदेतल्या चर्चा आणि संगणकात रंगवलेली पार्श्वभूमी यांनी ते कंटाळले होते. तेव्हा डिस्नेला एक गोष्ट आधी सिद्ध करायची होती: आम्हाला ते जमतं, जे तुम्हाला आवडायचं. म्हणून 'एम्पायर' आणि 'जेडाय' लिहिणारा कॅसडन परत आणला, फिल्मवर चित्रण केलं, खरे सेट उभारले, बीबी-एट खरोखर जमिनीवर लोळत जाईल अशी बाहुली केली आणि हे सगळं जाहिरातीतही सांगितलं. दुसऱ्या झलकीच्या शेवटी हान सोलो त्याचा केसाळ साथीदार च्युबाकाला म्हणतो की आपण घरी आलो, आणि जगभर मोठमोठी माणसं रडली. विकायला जे काढलं होतं ते त्या एका वाक्यात होतं.

लुकसला ते रुचलं नाही. डिसेंबर २०१५ मध्येच एका दूरचित्रवाणी मुलाखतीत तो म्हणाला की त्यांना जुन्या धाटणीचा सिनेमा करायचा होता. आपण मात्र प्रत्येक वेळी नवे ग्रह, नवी यानं दाखवायला झटलो. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी २०१९ च्या आपल्या आठवणींत हे आणखी स्पष्ट लिहिलंय. सिनेमा पाहून लुकस निराश झाला, यात नवं काही नाही म्हणाला. आणि आयगर लिहितात की त्याचं चुकलं नव्हतं, पण आमच्यावर दडपण किती होतं हे त्याने लक्षात घेतलं नाही. धंद्यातल्या माणसाने इतक्या सरळ दिलेली कबुली क्वचित वाचायला मिळते. दिग्दर्शकाचंही सांगायला हवं: जे. जे. अब्रॅम्सने हाच प्रयोग २०१३ मध्ये 'स्टार ट्रेक इनटू डार्कनेस'मध्ये केला होता. १९८२ च्या 'स्टार ट्रेक' सिनेमातला प्रसिद्ध मृत्यू, काचेच्या दोन बाजूंना दोन मित्र, फक्त माणसांची अदलाबदल. तिथले चाहते तेव्हाच ओरडले होते.

आता कमाईकडे. आकडे तोंडावर फेकण्याआधी ते कसले आहेत ते पाहू. अमेरिका-कॅनडात पहिल्या दिवशी ११९ दशलक्ष डॉलर, पहिल्या तीन दिवसांत २४८ दशलक्ष. त्याच वर्षी जूनमध्ये 'ज्युरासिक वर्ल्ड'ने २०९ दशलक्षाचा विक्रम केला होता, तो सहा महिन्यांत मोडला. (तोही तसाच सिनेमा, बरं का. पुन्हा बेट, पुन्हा डायनासोर सुटतात, पुन्हा दोन मुलं अडकतात. २०१५ हे वर्षच तसलं होतं.) अमेरिकेतली एकूण कमाई ९३६ दशलक्ष, 'अवतार'चा ७६० दशलक्षाचा विक्रम वीस दिवसांत मागे पडला. जगभरात एकूण सुमारे २.०७ अब्ज.

पहिल्या तटाचे लोक म्हणतात की हा सगळा पहिल्या तीन दिवसांचा गवगवा. तिकिटं तर ऑक्टोबरपासूनच विकायला काढली होती, सिनेमा कसा आहे हे कळण्याआधीच पैसे भरलेले. पहिल्या तीन दिवसांबद्दल ते खरं आहे. न पाहिलेल्या सिनेमाचं तिकीट हा त्या सिनेमाला मिळालेला कौल असूच शकत नाही. तो आधीच्या सिनेमांवरचा विश्वास असतो. पण ९३६ भागिले २४८ करा, पावणेचारच्या वर येतं. म्हणजे पहिल्या तीन दिवसांच्या पावणेचार पट धंदा शेवटपर्यंत झाला. इतक्या प्रचंड सुरुवातीनंतर सिनेमा आवडला नसता तर हे झालं नसतं. लोक परत गेले, घरच्यांना घेऊन गेले. तेव्हा 'फसवून तिकिटं विकली' हा युक्तिवाद टिकत नाही, तो सोडून द्या.

पण दुसऱ्या तटाचे विक्रमही जरा उतरवून ठेवू. १९७७ मध्ये अमेरिकेत तिकीट सरासरी सव्वादोन डॉलरला होतं, २०१५ मध्ये जवळपास साडेआठला, शिवाय थ्रीडी आणि आयमॅक्सचे जादा पैसे. डॉलरऐवजी डोकी मोजली तर मूळ 'स्टार वॉर्स' आजही या नव्या सिनेमाच्या पुढे आहे, आणि त्याच्याही पुढे १९३९ चा 'गॉन विथ द विंड'. त्यातही मूळ सिनेमा सुरुवातीला अवघ्या काही डझन थिएटरांत लागला होता आणि तोंडोतोंडी पसरत गेला. त्याला आधीची पुण्याई नव्हती.

या पुण्याईचा मुद्दा चीनमध्ये फार सुंदर दिसतो. आपल्याकडे सिनेमा आठवडाभर उशिरा, २५ डिसेंबरला आला, कारण १८ ला 'बाजीराव मस्तानी' आणि 'दिलवाले' यांनी पडदे अडवले होते; चीनमध्ये तो ९ जानेवारी २०१६ ला लागला. जुने तीन सिनेमे चीनच्या थिएटरांत त्या काळी पोचलेच नव्हते. २०१५ च्या शांघाय चित्रपट महोत्सवात ते दाखवले गेले, तेव्हा कुठे तिथल्या प्रेक्षकाला मोठ्या पडद्यावर पाहायला मिळाले. नव्या सिनेमाने तिथे सुमारे १२४ दशलक्ष डॉलर केले. ऐकायला मोठा आकडा आहे, पण एवढ्या बाजारपेठेत, एवढ्या गाजावाजानंतर तो फार नव्हे. शिवाय परदेशी सिनेमाच्या गल्ल्यातला जेमतेम पाव हिस्सा तिथून स्टुडिओला मिळतो. आणि पुढचं पाहा: २०१७ चा 'द लास्ट जेडाय' चीनमध्ये सुमारे ४२ दशलक्षावर आला, २०१९ चा 'द राइज ऑफ स्कायवॉकर' सुमारे २० वर. हान सोलो परत आला म्हणून ज्याच्या घशात आवंढा येत नाही, त्याच्यासमोर 'फोर्स अवेकन्स' हा ठीकठाक साहसपट होता. तो एकदा पाहून तिथला प्रेक्षक निघून गेला.

माझ्या म्हणण्याचा गाभा आता सांगतो. एखाद्या मालिकेतल्या सिनेमाची कमाई आधीच्या सिनेमांनी साठवलेल्या प्रेमातून येते, आणि तो सिनेमा कसा होता याचा हिशेब पुढच्याच्या तिकीटबारीवर होतो. हे आकड्यांत तपासता येतं, आणि तपासताना एक खबरदारी घ्यायला हवी. कारण चाहते लगेच म्हणतात, २०१५ ला अमेरिकेत ९३६ दशलक्ष आणि २०१७ ला ६२०, बघा कसे आपटले! थांबा. 'स्टार वॉर्स'च्या प्रत्येक त्रयीत मधला सिनेमा पडतोच. १९७७ च्या सिनेमाची अमेरिकेतली आजवरची कमाई, पुनःप्रदर्शनं धरून, सुमारे ४६० दशलक्ष. १९८० च्या 'एम्पायर'ची २९०. आज सगळे चाहते ज्याला सर्वोत्तम म्हणतात तो सिनेमा त्या तिघांत कमाईत तळाला आहे! १९९९ च्या सिनेमाने पहिल्या प्रदर्शनात ४३१ केले, २००२ च्याने ३०० च्या थोडे वर. तेव्हा २०१७ ची घसरण एकटी पाहून काही सिद्ध होत नाही; ना २०१७ च्या दिग्दर्शकाचा, रायन जॉन्सनचा सिनेमा वाईट होता हे, ना अब्रॅम्सचा.

खरी खूण तिसऱ्या सिनेमात आहे. पहिल्या त्रयीत तिसरा सिनेमा दुसऱ्याच्या वर गेला, सुमारे २९० वरून तीनशेच्या वर. दुसऱ्या त्रयीतही वर गेला, तीनशेवरून ३८०, कारण वेडर वेडर कसा झाला हे पाहायला लोक परत आले. लोकांना शेवट पाहायचा असतो. तिसऱ्या त्रयीत मात्र तिसरा दुसऱ्याच्याही खाली गेला, ६२० वरून ५१५. नऊ सिनेमांच्या, बेचाळीस वर्षांच्या गोष्टीचा शेवट म्हणून विकलेला सिनेमा, आणि शेवट पाहायला यावंसं कमी लोकांना वाटलं. त्याची कथा कुठली? अब्रॅम्सला परत बोलावलं, १९८३ ला मेलेला सम्राट परत आणला, नायिका डेथ स्टारच्या अवशेषांत शिरते, आणि ग्रह उडवणारी शस्त्रं या वेळी एकेका जहाजावर बसवलेली. उचल परत केली आणि या वेळी खात्यात शिल्लक कमी होती.

कुणीतरी हात वर केलाय. बोला. प्रश्न असा आहे की मग दोष 'लास्ट जेडाय'चा नाही का, त्याने ल्यूकला कडवट म्हातारा करून चाहत्यांना दुखावलं? चांगला प्रश्न आहे, आणि यावर इथेच दोन तट पडतील असं दिसतंय. माझं म्हणणं एवढंच, की ल्यूकला एका बेटावर नेऊन बसवलं २०१५ च्या सिनेमाने. पुतण्या... नाही, भाचा हातचा गेला, बहीण लढतेय, मित्र एकटा पडलाय, आणि हा दूर जाऊन बसलाय. का बसलाय, याचं उत्तर 'फोर्स अवेकन्स'ने दिलं नाही. जुनी परिस्थिती जमवायला ल्यूक वाटेतून बाजूला हवा होता, तो केला आणि शेवटच्या दृश्यात नायिकेच्या हातातली तलवार त्याच्यासमोर धरून पडदा पाडला. पुढच्या लेखकाकडे उत्तरं थोडीच उरली होती. जॉन्सनने त्यातलं कटू उत्तर निवडलं. ते आवडलं नाही तर नावडू द्या, पण प्रश्न त्याचा नव्हता.

आणखी एक चिठ्ठी आलीय: 'जुन्या विश्वात नवी गोष्ट चालते का, की लोकांना जुनंच हवं असतं?' याला पुरावा दोन्ही बाजूंनी आहे, आणि योगायोगाने दोन सिनेमे दीड वर्षाच्या अंतराने आले. डिसेंबर २०१६ चा 'रोग वन'. डेथ स्टारचे आराखडे चोरणाऱ्यांची गोष्ट, म्हणजे शेवट १९७७ पासून सगळ्यांना माहीत. पण पात्रं बहुतेक नवी, आणि ती सगळी मरतात. अशी गोष्ट या मालिकेत कुणी सांगितलीच नव्हती. जगभरात एक अब्ज डॉलरच्या वर गेला. आणि मे २०१८ चा 'सोलो'. त्यात चाहत्यांना माहीत असलेली प्रत्येक गोष्ट होती: हानला च्युबाका कसा भेटला, फाल्कन जुगारात कसं मिळालं, तो ज्या धाडसाची फुशारकी १९७७ मध्ये मारतो ते त्याने कसं केलं, फार काय आडनाव कसं पडलं तेसुद्धा. दिग्दर्शक मध्येच बदलावे लागले, आधीचा सिनेमा येऊन पाचच महिने झाले होते, ही कारणं आहेतच. पण जगभरात चारशे दशलक्षही झाले नाहीत, आणि चित्रपटगृहांत तोटा झालेला हा पहिला 'स्टार वॉर्स' ठरला. ज्या हान सोलोच्या एका वाक्यावर २०१५ मध्ये लोक रडले होते, त्याच हान सोलोच्या नावावर.

आता चहा आलाय, आणि मागच्या रांगेत आवाज वाढायला लागलाय. उरलेलं भांडण तिथेच करू.